विचित्र उपसाधनांनी घरातील संगीत खरोखर सुधारते का?

सीडीच्या बाहेरच्या कडेला हिरव्या शाईची रेघ ओढल्यास संगीत अधिक स्वच्छ ऐकू येते, असा दावा १९९० च्या सुमारास अमेरिकेत करण्यात आला आणि त्यासाठी खास हिरवी पेने बाजारात आली. त्याच काळात टाइस या कंपनीने एक साधेसे दिसणारे अंकीय घड्याळ सुमारे ३५० डॉलर किमतीला विक्रीस आणले. संगीतयंत्रणेजवळच्या विजेच्या सॉकेटमध्ये ते लावले की ध्वनीचा दर्जा उंचावतो, असे सांगितले जात होते. संगीतयंत्रणेतील कोणत्याही यंत्राशी ते घड्याळ तारेने जोडायचे नव्हते. पुढे सीडी प्लेअरवर ठेवायची ‘इंटेलिजंट चिप’ आली, खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचे ‘ब्रिलियंट पेबल्स’ नावाचे खडे आले आणि केवळ दूरध्वनीवरून ग्राहकाच्या घरातील ध्वनी सुधारून देण्याची सशुल्क सेवाही सुरू झाली.

या वस्तूंची यादी वाचून हसू येणे स्वाभाविक आहे. तथापि त्या विकत घेणारे बहुतांशी सुशिक्षित, संगीताची मनापासून आवड असणारे आणि बारकाईने ऐकणारे लोक असतात. फरक ऐकू आला, असे ते प्रामाणिकपणे सांगतात. त्यामुळे या विषयात दोन प्रश्न वेगळे करणे आवश्यक ठरते. स्पीकरमधून बाहेर पडणारा ध्वनी बदलला का, हा पहिला प्रश्न. आणि ऐकणाऱ्याचा अनुभव बदलला का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असतानाही दुसऱ्याचे ‘होय’ असू शकते, आणि या उपसाधनांचा सारा व्यापार या दोहोंमधील अंतरावर उभा आहे.

पीटर बेल्ट यांचा सिद्धान्त

या क्षेत्रातील सर्वांत विलक्षण नाव ब्रिटनमधील लीड्स येथील पीटर बेल्ट यांचे आहे. हेडफोनसारखी रीतसर ध्वनिसाधने तयार करणाऱ्या बेल्ट यांनी १९८० च्या दशकात वेगळीच वाट धरली. पडद्याच्या कोपऱ्याला टाचणी लावणे, तारांना विशिष्ट गाठ मारणे, सीडी शीतकपाटात गोठवून मग हळूहळू सामान्य तापमानाला आणणे, यंत्रांवर सप्तरंगी चकचकीत कागदाच्या पट्ट्या चिकटवणे असे उपाय त्यांनी सुचवले. ब्रिटनमधील काही हाय-फाय नियतकालिकांनी त्या काळी या प्रयोगांना गांभीर्याने प्रसिद्धी दिली.

बेल्ट यांचे म्हणणे असे होते की, भोवतालच्या वस्तूंमुळे माणसाच्या ज्ञानेंद्रियांवर सतत एक सूक्ष्म ताण असतो आणि तो दूर केला की श्रवण सुधारते. म्हणजे त्यांचे उपाय यंत्रावर होतच नव्हते, ऐकणाऱ्यावर होत होते. हा युक्तिवाद चतुर होता. यंत्रातून जाणाऱ्या विद्युतसंकेताचे मोजमाप करून तो खोडता येत नाही, कारण संकेत बदलतो असे मुळात म्हटलेलेच नाही. परंतु एक कसोटी त्यालाही चुकवता येत नाही. पडद्याला टाचणी लावली आहे की नाही हे श्रोत्याला न सांगता त्याला ते केवळ ऐकून ओळखता आले पाहिजे. टाचणीचा परिणाम श्रोत्यावर होत असेल, तर श्रोता हाच येथे मापक आहे.

सीडीच्या बाबतीत प्रश्न त्याहून सोपा आहे. सीडीवरील संगीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्यासाठी १६ बिट या प्रमाणात आकड्यांच्या रूपात नोंदलेले असते. ते वाचणाऱ्या लेसर किरणाची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यातील असते. डोळ्यांना हिरवी दिसणारी शाई त्या किरणाला शोषून घेईलच, असे मुळीच नाही. शिवाय तबकडीवर ओरखडे, धूळ आणि बोटांचे ठसे असणार हे गृहीत धरूनच १९८० च्या प्रमाणकात त्रुटी दुरुस्त करणारी गणिती पद्धत अंतर्भूत करण्यात आली. तबकडीवरील मार्गाच्या सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची सलग माहिती नष्ट झाली, तरी ती या पद्धतीने पूर्णपणे परत मिळवता येते. शाई लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर तीच सीडी संगणकावर वाचून दोन्ही वेळचे आकडे ताडून पाहता येतात. ते जुळले तर वाद संपायला हवा.

तारांचा तिढा

खडे आणि शाई यांना सरसकट हसणारे अनेक जण केबलच्या प्रश्नावर मात्र गंभीर होतात. याचे कारण तार ही यंत्रणेचा खरोखरच भाग असते आणि वाईट तारेने ध्वनी बिघडू शकतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अभियंता नोएल ली यांनी अमेरिकेत ‘मॉन्स्टर केबल’ हा व्यवसाय सुरू केला. तोपर्यंत स्पीकरची तार हा स्वतंत्र खरेदीचा विषय आहे, असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

१९८३ मध्ये अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या नियतकालिकाने लॉरेन्स ग्रीनहिल यांच्या देखरेखीखाली झालेल्या श्रवणचाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात सुमारे ९ मीटर लांबीच्या तीन तारांची तुलना होती: महागडी मॉन्स्टर केबल, दिव्यांसाठी वापरली जाणारी साधी १६ गेजची तार आणि अतिशय बारीक २४ गेजची तार. संगीत ऐकताना मॉन्स्टर केबल आणि दिव्याची तार यांतील फरक श्रोत्यांना ओळखता आला नाही. बारीक तार मात्र या दोहोंपेक्षा कमी प्रतीची ठरली.

यात गूढ काही नाही. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. २४ गेजच्या तारेची जाडी जेमतेम ०.२ चौरस मिलिमीटर भरते. जाऊन-येऊन १८ मीटर धरले, तर तिचा रोध दीड ओहमच्या घरात जातो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे ही लक्षणीय वाट अडवणूक आहे आणि तिच्यामुळे आवाजाची पातळी सुमारे दीड डेसिबलने खाली येते. याउलट घराच्या वायरिंगसाठी विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ५ मीटर अंतरासाठी वापरली, तर जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहम इतकाच भरतो. त्यामुळे होणारी घट डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. सर्वसाधारण घरासाठी हा प्रश्न येथेच मिटतो. तारेची जाडी पुरेशी असावी आणि तिची टोके घट्ट बसलेली असावीत. त्यापुढील चांदी, रेशीम किंवा सापाच्या कातडीसारखे वेष्टन ही हौसेची बाब आहे.

केबलच्या वादाला २००७ मध्ये जाहीर आव्हानाचे रूप आले. जादूगार आणि चमत्कारांच्या दाव्यांचे चिकित्सक जेम्स रँडी यांच्या प्रतिष्ठानाने अलौकिक गोष्ट नियंत्रित परिस्थितीत सिद्ध करणाऱ्यास दहा लाख डॉलरचे बक्षीस ठेवले होते. पेअर केबल्स या कंपनीच्या, १२ फुटांच्या जोडीला ७,२५० डॉलर किंमत असलेल्या स्पीकर केबल साध्या चांगल्या केबलपासून केवळ कानांनी वेगळ्या ओळखून दाखवाव्यात, असे रँडी यांनी सुचवले. हाय-फाय समीक्षक मायकेल फ्रेमर यांनी तयारी दर्शवली. परंतु केबलच्या उत्पादकांनी माघार घेतली, त्यानंतर अटींवरून उभयपक्षी वादावादी झाली आणि चाचणी झालीच नाही. त्यामुळे या प्रसंगातून केबलच्या बाजूने किंवा विरुद्ध काही सिद्ध झाले, असे म्हणता येत नाही, जरी दोन्ही बाजूंनी तसे म्हटले जाते. प्रतिष्ठानाने हे आव्हान २०१५ मध्ये बंद केले. तोपर्यंत बक्षीस कोणालाही मिळालेले नव्हते. भारतीय उपखंडाला अशा आव्हानांचा परिचय त्याआधीपासून आहे. केरळमध्ये जन्मलेल्या आणि श्रीलंकेत स्थायिक झालेल्या अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्येच चमत्कार करून दाखवणाऱ्यास एक लाख रुपये देऊ केले होते.

डोळे झाकल्यावर

श्रोत्याला काय वाजत आहे हे ठाऊक नसताना घेतलेल्या चाचणीला अंध चाचणी म्हणतात. चाचणी घेणाऱ्यालाही ते ठाऊक नसेल, तर ती दुहेरी अंध ठरते. औषधांच्या परीक्षणात ही पद्धत सर्वमान्य आहे. ध्वनीच्या क्षेत्रात मात्र तिच्याविषयी आजही कुरकुर ऐकू येते. चाचणीच्या दडपणाखाली कान नीट काम करत नाहीत, थोड्या वेळात सूक्ष्म फरक उमगत नाहीत, असे आक्षेप घेतले जातात. हे आक्षेप अगदीच टाकाऊ नाहीत. पण मग त्याच कानांना दुकानात पाच मिनिटांत ‘आकाशपाताळाचा फरक’ कसा जाणवला, या प्रश्नाचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यावयास हवे.

या संदर्भात १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हरमन या कंपनीत केलेला प्रयोग वारंवार उद्धृत केला जातो. कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार प्रकारचे स्पीकर एकदा पडद्याआडून आणि एकदा समोर दिसतील असे ऐकवण्यात आले. पडद्याआड असताना लहान आणि स्वस्त संचाने चांगले गुण मिळवले होते. तो डोळ्यांसमोर येताच त्याचे गुण घसरले आणि भारदस्त दिसणाऱ्या स्पीकरचे वाढले. ऐकण्याचा अनुभव असलेले कर्मचारीही यातून सुटले नाहीत. येथे स्पीकरमधील फरक खरे होते, तरीही डोळ्यांनी कानांवर कुरघोडी केली. जेथे फरकच नसेल, तेथे डोळ्यांना मैदान मोकळेच मिळते.

ही फसवणूक नव्हे, तर श्रवणाची रीतच तशी आहे. ध्वनीचे बारीक तपशील स्मृतीत काही सेकंदांपलीकडे जसेच्या तसे टिकत नाहीत. तीच बंदिश दुसऱ्यांदा ऐकताना लक्ष वेगळ्या जागी जाते आणि आधी निसटलेला तंबोऱ्याचा झंकार किंवा गायकाचा श्वास आता ऐकू येतो. तेवढ्यात मधल्या वेळी खडे ठेवलेले असतील, तर श्रेय खड्यांना मिळते. आवाजाची पातळी अर्ध्या डेसिबलने वाढली, तरी ती वाढ ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही, ‘अधिक चांगला आवाज’ म्हणून जाणवते. आणखी एक कारण तर पूर्णपणे भौतिक आहे. १०,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ३.४ सेंटिमीटर असते. उपसाधन बसवण्यासाठी श्रोता उठला आणि परत येऊन चार बोटे बाजूला बसला, तरी भिंतींवरून परतणाऱ्या लहरींची बेरीज-वजाबाकी बदलते आणि कानापर्यंत पोहोचणारा ध्वनी खरोखरच वेगळा होतो. त्याला ऐकू आलेला फरक अशा वेळी काल्पनिक नसतो. त्याचे कारण मात्र त्याने चुकीचे ठरवलेले असते.

अर्धसत्याचा आधार

बहुतेक चमत्कारिक उपसाधनांच्या मुळाशी एखादे खरे तथ्य असते, हेही नमूद करणे आवश्यक आहे. अमेरिकेत तयार झालेला ‘शक्ती स्टोन’ हा त्याचा नमुना होय. भारतीय नाव धारण केलेला हा जड ठोकळा यंत्रांवर ठेवला असता विद्युतचुंबकीय अडथळे शोषून घेतो, असा त्याच्या उत्पादकांचा दावा आहे. असे अडथळे अस्तित्वात असतात, यात शंका नाही. मोबाइल फोन स्पीकरजवळ ठेवल्यावर संदेश येण्याआधी होणारी परिचित गुरगुर ही जीएसएम पद्धतीत सेकंदाला सुमारे २१७ वेळा होणाऱ्या रेडिओ स्पंदनांमुळे निर्माण होते. तिच्यावर उपायही साधा आहे: फोन दूर ठेवणे.

विजेबाबतही असेच आहे. जपानमधील काही हौशी श्रोत्यांनी संगीतासाठी अंगणात स्वतंत्र विजेचा खांब आणि रोहित्र बसवून घेतल्याचे वृत्त २०१६ मध्ये जगभर गाजले. भारतातील घरांत विजेचा दाब वरखाली होणे, अर्थिंग सदोष असणे आणि त्यामुळे स्पीकरमधून ५० किंवा १०० हर्ट्झचा सततचा घूंकार येणे या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यावरील इलाज वायरमनकडे आहे. अर्थिंग तपासून घेणे आणि सर्व यंत्रे एकाच ठिकाणाहून वीज घेतील असे पाहणे यांमुळे असा आवाज बहुधा थांबतो. ज्या भिंतीत वर्षानुवर्षांची तीच जुनी तार आहे, तिच्यापुढे शेवटच्या दीड मीटरला सोन्याचा मुलामा दिलेली केबल जोडून काय साधणार, हा प्रश्न खरेदीदाराने विचारण्याजोगा आहे.

समुद्रकिनाऱ्यावरील शहरांत आणखी एक गंमत घडते. दमट, खाऱ्या हवेने जोडण्यांच्या धातूवर गंज आणि काळसर थर चढतो. नवी केबल बसवताना जुनी उपसली जाते, खोबण घासली जाते आणि आवाज खरोखर सुधारतो. जुनीच केबल काढून पुन्हा बसवली असती, तरी अनेकदा तेच झाले असते. तबकड्या ऐकणाऱ्यांसाठी तर साधी उपसाधने निर्विवाद उपयोगी आहेत. टर्नटेबल सपाट आहे की नाही हे दाखवणारी गवंड्याची पाणसळ, सुईचा भार ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा, धूळ झटकणारा मऊ कुंचला आणि स्पीकरचा कंप पोहोचू नये म्हणून भिंतीत पक्की केलेली फळी, यांचा परिणाम मोजता येतो. पावसाळ्यात तबकडीवर चढलेली बुरशी कोणत्याही दगडाने जात नाही.

खोली हेच मोठे उपसाधन

घरातील ध्वनीवर स्पीकरच्या खालोखाल सर्वाधिक प्रभाव खोलीचा असतो, हे ध्वनिशास्त्रात शंभराहून अधिक वर्षांपासून ज्ञात आहे. १८९५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील नवे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले होते. तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहत असे आणि पुढचे शब्द त्यात बुडून जात. दोष दूर करण्याचे काम वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आले. विद्यापीठाच्याच सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री या सभागृहात आणून, थोड्या थोड्या मांडून, ऑर्गनची नळी आणि घड्याळ यांच्या साहाय्याने त्यांनी घुमण्याचा काळ मोजला. सकाळपूर्वी गाद्या परत जागेवर न्याव्या लागत. या खटाटोपातून घुमण्याचा काळ, खोलीचे आकारमान आणि शोषण यांचा संबंध सांगणारे सूत्र हाती आले आणि १९०० मध्ये खुल्या झालेल्या बोस्टन सिंफनी हॉलच्या रचनेत त्याचा उपयोग करण्यात आला. आधुनिक वास्तुध्वनिशास्त्राचा पाया असा गाद्यांवर रचला गेला.

तेच सूत्र घरालाही लावून पाहता येते. समजा, खोली ४ मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. फरशी गुळगुळीत, भिंती गिलावा केलेल्या आणि सामान जवळजवळ नाही. पृष्ठभाग सरासरी पाच टक्केच ध्वनी शोषत असतील, तर आवाज पावणेदोन ते दोन सेकंद घुमतो. आपल्याकडच्या नव्या सदनिकांमध्ये टाळी वाजवल्यावर ऐकू येणारा खणखणीतपणा तो हाच. सतरंजी किंवा जाड गालिचा, भरघोस पडदे, कापडी सोफा आणि पुस्तकांचे कपाट यांनी मिळून दहा चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभागाइतकी भर घातली, तर घुमण्याचा काळ अर्ध्या सेकंदावर येतो. लहान खोलीत हे सूत्र अचूक चालत नाही, परंतु अंदाज बांधण्यास पुरेसे आहे. हा बदल ऐकण्यासाठी तयार कानांची गरज नसते; घरातील लहान मूलही तो सांगेल.

खर्जाच्या स्वरांचे गणित निराळे आहे. ४ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झच्या स्वराची अर्धी तरंगलांबी समोरासमोरच्या भिंतींमध्ये नेमकी बसते. परिणामी तो स्वर भिंतींजवळ फुगतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. एकाच खोलीतील दोन खुर्च्यांमध्ये अशा स्वरांच्या पातळीत दहा डेसिबल किंवा त्याहून अधिक तफावत सहज आढळते. पडदे आणि गालिचे येथे हतबल ठरतात. स्पीकर कोपऱ्यातून फूट-दीड फूट पुढे ओढणे आणि बसण्याची जागा मागच्या भिंतीपासून सोडवणे हा त्यावरील पहिला उपाय आहे आणि त्याला काही खर्च येत नाही. बहुधा म्हणूनच त्याची जाहिरातही होत नाही.

खरेदीपूर्वी

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार या प्राधिकरणास आहे. मात्र ‘संगीत अधिक जिवंत वाटते’ यासारखे विधान वस्तुस्थितीचा दावा आहे की केवळ स्तुती, हे ठरवणे कठीण असते आणि विक्रेत्यांची भाषा याच फटीतून वाट काढते. म्हणून परत करण्याच्या लेखी अटीवर वस्तू घरी आणणे आणि ती स्वतःच तपासणे हा ग्राहकासाठी अधिक व्यवहार्य मार्ग होय.

या चाचणीसाठी प्रयोगशाळा लागत नाही. ओळखीचे एकच ध्वनिमुद्रण, न हलवलेली खुर्ची, न बदललेली आवाजाची पातळी आणि घरातील एक विश्वासू व्यक्ती एवढे पुरते. श्रोत्याने खोलीबाहेर जावे. सहायकाने नाणे उडवून उपसाधन ठेवायचे की काढायचे हे ठरवावे, त्याप्रमाणे करून ते झाकावे, कागदावर नोंद करावी आणि श्रोता परत आत येण्यापूर्वी स्वतः खोलीबाहेर पडावे, म्हणजे चेहऱ्यावरूनही काही कळणार नाही. असे १६ वेळा करावे. निव्वळ अंदाजाने १६ पैकी ८ उत्तरे सरासरीने बरोबर येतात. १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, त्यामुळे १२ चा आकडा गाठला तर उपसाधनाकडे गांभीर्याने पाहावे. सोळाही फेऱ्या पूर्ण होईपर्यंत तो कागद सहायकाच्या खिशातच राहिला पाहिजे.